गाईचं दहा, म्हशीचं पाच

माझ्या बी.एड.च्या वर्गात एक मुलगी आहे, तिचा मी हेवा करतो. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं तिच्याविषयी मी जे लिहीन त्यातून किती वजा करायचं, ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

ती तेवीस वर्षांची, नेसरीची. मी सेहेचाळीस वर्षांचा, बरोबर दुप्पट. कोल्हापूरच्या वेशीवरच्या आमच्या गावात मी अठरा वर्षं दूध संस्थेचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला यायचे. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत ॲसिड घालून ती यंत्रात फिरवायची, आणि वर आलेली पिवळी पट्टी डोळ्यासमोर धरून फॅट, म्हणजे दुधात शेकडा स्निग्ध किती ते, वाचायची. पुढं मशीन आलं. त्यात दूध ओतलं की फॅटची चिठ्ठी आपोआप बाहेर. माझं अर्धं काम मशीननं घेतलं आणि उरलेलं अर्धं चेअरमनच्या पुतण्यानं. गणित घेऊन केलेली बी.एस्सी. तोवर कपाटात पडून होती. बायको म्हणाली, "नुसतं त्या मशीनला शिव्या देण्यापरीस मास्तर व्हा की." म्हणून बी.एड.ला आलो.

या कोर्समध्ये एक मोठा भाग शाळेत राहून शिकवण्याचा असतो. त्याला आंतरवासिता म्हणतात. गणिताचे आम्ही दोघं, ती आणि मी, शहरातल्या एकाच शाळेत पडलो. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आमचे गणिताचे सर यंदा निवृत्त होतायत. जूनपासून तासिकेवर एक माणूस घ्यायचाय. बाहेर शोधत बसणार नाही, तुमच्यातलाच एक घेईन. काम बघून ठरवीन."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्हाला मिळो नाहीतर मला, पार्टी कॉमन." मी हसलो नाही. सरकारी भरतीचं माझं वय निघून गेलंय. तिच्यापुढं बारा दारं आहेत, माझ्यापुढं एक, आणि त्याही दारात ती उभी.

आणि हे 'काका'. आम्ही एकाच वर्गातले, एकाच हजेरीपटावरचे. मी तिला 'तुम्ही' आणि 'मॅडम' म्हणतो ते त्याच हिशेबानं. पण तिचं काका काही सुटलं नाही.

एका बाबतीत मी तिच्या पुढं होतो. अध्ययनाच्या उपपत्तींच्या पेपरात, म्हणजे माणूस शिकतो कसा या विषयात, वर्गात सगळ्यात जास्त गुण माझे होते. घंटा वाजली की लाळ गाळणारा कुत्रा, दाणा मिळाला की परत कळ दाबणारं कबूतर, हा वर्तनवाद. मुलाच्या डोक्यात आधी जे असतं त्याच्यावरच ते नवं ज्ञान रचतं, तुम्ही बाहेरून ओतू शकत नाही, हा ज्ञानरचनावाद. मला हे सगळं व्याख्येसकट पाठ होतं. ती पेपरात कुत्र्याच्या जागी कबूतर लिहून आली होती आणि तेच बाहेर येऊन सगळ्यांना हसत सांगत होती. मला असं हसता आलं नसतं.

शाळेत आठवीच्या दोन तुकड्या. 'अ'च्या वर्गात डिजिटल फळा आहे, 'ब'च्या वर्गात काळा. 'अ' तिला मिळाला, 'ब' मला. तिनं आठवड्याभरात त्या फळ्याला बोलतं केलं. त्रिकोण फिरायचे, प्रश्न उड्या मारत यायचे, उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज व्हायचा आणि वरून रंगीत कागदाचे कपटे पडायचे. दोन्ही वर्गांमध्ये एकच भिंत. मी इकडं समीकरण सोडवत असायचो आणि तिकडं टाळ्या. माझ्या वर्गातला एकजण एकदा म्हणाला, "सर, आपल्याकडं टाळ्या कधी वाजणार ओ?"

"तुझं उत्तर बरोबर येईल तेव्हा," मी म्हणालो. वर्ग हसला. मी मनात म्हणालो, कबूतर आणि दाणा, दुसरं काय आहे ते. जुनाच वर्तनवाद, फक्त वीज लावलेला. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते माझ्या अहवालातही घातलं. मत्सराला पुस्तकी आधार मिळाला की तो मत्सर वाटत नाही, अभ्यास वाटतो.

एकदा मुख्याध्यापिकाबाईंच्या सांगण्यावरून मीही त्या फळ्यावर एक तास घेतला. माझं बोटच त्याला लागेना. मी दाबतोय आणि फळा ढिम्म. मग अचानक चार पानं पुढं. ती मागच्या बाकावरून उठून आली आणि म्हणाली, "काका, असं न्हाई. हलकं. नुसतं टेकवायचं." मुलांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही तुकड्यांत माझं नाव 'काका सर' झालं.

डबा आम्ही एकत्र खायचो. शिक्षकांच्या खोलीत आम्हा शिकाऊ लोकांना एक कोपरा दिलेला. ती भाकरीबरोबर आमच्याकडची लसणाची चटणी मागून घ्यायची आणि प्रश्न विचारायची. तिच्या घरीही दोन म्हशी. डेअरीला दूध घालायला लहानपणी तीच जायची. पण खिडकीच्या आत काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं. एकदा तिनं विचारलं, "काका, नवीन सेक्रेटरी चुकतो कुठं?"

हा माझ्या आवडीचा विषय. मी तिला शेजारच्या गावच्या सचिवाची गोष्ट सांगितली. तो नवा होता तेव्हा दिवसभरात आलेल्या सगळ्या फॅट एकाखाली एक लिहायचा, बेरीज करायचा आणि माणसांच्या संख्येनं भागायचा. तीच कॅनची फॅट म्हणायचा. पुढं शीतकरण केंद्रावर कॅन तपासला की फॅट कमी यायची. हा तिथं जाऊन भांडायचा, की तुमची तपासणी खोटी. वास्तविक खोटं कुणीच नव्हतं. कमी फॅटवाल्यांचं दूध लिटरनं जास्त होतं आणि जास्त फॅटवाल्यांचं तांब्याभर. यानं लिटर धरलेच नव्हते. प्रत्येक नवा सचिव हीच चूक करतो. आधी लिटर गुणिले फॅट करायचं, मग बेरीज, मग एकूण लिटरनं भाग.

ती खाता खाता थांबली होती. "भारी हाय की हे," म्हणाली. मी डबा धुवायला गेलो.

मार्चमध्ये तिचा निरीक्षणाचा पाठ ठरला. कॉलेजचे मार्गदर्शक सर बघायला येणार, मुख्याध्यापिकाबाई बसणार. माझा असाच पाठ आधीच्या आठवड्यात झाला होता आणि सरांनी 'नेटका' असा शेरा दिला होता. आमच्यात रीत अशी की एकाचा पाठ असला की जोडीदारानं शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण करायचं. त्याप्रमाणे मी बसलो. विषय 'मध्य', म्हणजे सरासरी. मुख्याध्यापिकाबाईंना ऐनवेळी शिक्षण कार्यालयातून मीटिंगचा निरोप आला, त्या गेल्या. सर आले. तिनं फळा सुरू केला. क्रिकेटपटूंच्या धावांचे खांब वर चढायला लागले, आणि लाईट गेली.

मला आनंद झाला. फळा काळा पडला, पंखे थांबले, आणि मी मागच्या बाकावर मनातल्या मनात पाय पसरले. सरांनी थोडी वाट बघितली. शाळेचं इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. सरांना त्याच दुपारी आणखी एका शाळेत पाठ बघायचे होते. ते उठले. "राहू दे, जमलं तर पुन्हा ठेवू," असं म्हणून गेले. नियमाप्रमाणे पाठ तिथं संपला होता. ती खुर्चीत बसून राहिली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

तिनं एका मुलाला खडू आणायला माझ्याच वर्गात पिटाळलं. डिजिटल फळा लावताना त्या वर्गातला जुना फळा काढून टाकला होता, म्हणून ती कोपऱ्यातल्या हिरव्या लोखंडी कपाटाजवळ गेली आणि विचारलं, "कुणाकुणाच्या घरात गाय-म्हैस हाय?"

आमची शाळा शहरात असली तरी मुलं आजूबाजूच्या गावांतली. निम्म्याहून जास्त हात वर.

"सकाळी गाईला फॅट किती लागली?"

"चार!"

"आणि म्हशीला?"

"सात!"

"मॅडम, आमच्या म्हशीला साडेसात."

"तुमच्या म्हशीचा सत्कार करू आपण. शाल, नारळ. आता गप बस."

वर्ग खदखदला. तिनं कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलं: गाईचं दहा लिटर, फॅट चार. म्हशीचं पाच लिटर, फॅट सात. "एका कॅनमध्ये ओतलं. आता फॅट किती?"

"साडेपाच!" सगळे एका सुरात. चार आणि सात अकरा, त्याचे निम्मे. शेजारच्या गावच्या सचिवाचं उत्तर.

तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मिसळल्यालं घेत न्हाईत ओ डेअरीत. सेक्रेटरी हाकलून देतो."

"आज घेतोय. सेक्रेटरी मागं बसलेत, विचारा. हे सगळं मला काका सरांनीच सांगितलंय."

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. "आज घेतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण आत आग झाली. ते माझं होतं. माझ्या डब्याजवळ बसून नेलेलं. माझा स्वतःचा मध्यावरचा पाठ 'ब' वर्गात अजून व्हायचा होता आणि मी त्यासाठी पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावाच काढून ठेवल्या होत्या. अठरा वर्षं ज्या गणितावर जगलो ते पाठात घ्यावं असं मला सुचलंच नव्हतं. मुलांच्या डोक्यात आधी काय आहे ते बघून त्यावर रचायचं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि शाळेत येताना मी स्वतःच्या डोक्यातलं घरी ठेवून येत होतो.

इथपर्यंत मी तिला चोर म्हणू शकत होतो. पुढं तेही राहिलं नाही.

मला वाटलं, आता ती गुणाकार मांडेल. मी तेवढंच सांगितलं होतं. तिनं पंधरा मुलांना पुढं बोलावलं. "तुम्ही एकेक जण एकेक लिटर. तुम्ही दहाजण गाईचं, चार बोटं वर करा. तुम्ही पाचजण म्हशीचं, सात बोटं वर करा." मुलं बोटं वर करून उभी राहिली. "आता कॅनमध्ये ओतल्यावर सगळं दूध सारखं होणार ना? मग म्हशीवाल्यांनी गाईवाल्यांना द्यायचं, सगळ्यांची बोटं सारखी होईपर्यंत. चला, वाटा."

गोंधळ उडाला. एक म्हशीवाला एका गाईवाल्याजवळ गेला, आपलं एक बोट मिटलं, त्याला एक उघडायला लावलं. सहा आणि पाच. तो घुटमळला. मग दुसऱ्या गाईवाल्याकडं गेला, आणखी एक बोट मिटलं, त्याचं एक उघडलं. आता तिघांचीही पाच. तो ओरडला, "मॅडम, एक म्हैस दोन गाईंना पुरली!"

मग काय, प्रत्येक म्हशीवाला दोन दोन गाईवाल्यांना धरून ओढायला लागला. पाच टोळकी झाली. पंधराच्या पंधरा मुलांच्या हातावर पाच बोटं.

"साडेपाच कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"गाईचं जास्त हाय की, मॅडम. जास्तीकडं ओढलं ते."

मी लिटर गुणिले फॅट हजारो वेळा केलं असेल, आणि बरोबर केलं. पण एक म्हैस दोन गाईंना पुरते हे मला कधी दिसलं नव्हतं. ते तिला मी सांगितलेलं नव्हतं. ते तिचं होतं. आजवर मी समजत होतो की मला फळ्याचा हेवा वाटतो, टाळ्यांचा, तेवीस वर्षांच्या बोटांचा. फळा बंद पडला होता आणि हेवा दुप्पट झाला होता.

तिनं मग गाईचं दहा आणि म्हशीचं दहा दिलं. "आता साडेपाच!" पोरं ओरडली, आणि या वेळी ते बरोबर होतं. शेवटी तिनं पंधरा लिटर चारचं आणि पाच लिटर आठचं, असं वहीत करायला सांगितलं. माझा स्वभाव आड येतो. मी उठलो आणि रांगांमधून फिरून मोजलं. बेचाळीसपैकी छत्तीस जणांचं बरोबर. माझ्या 'नेटक्या' पाठाच्या शेवटी मी असंच मोजलं होतं. तो आकडा इतका नव्हता.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती ताटात आमटी वाढत म्हणाली, "आवो, लेकीच्या वयाची हाय ती. तिच्यावर जळताय व्हय?"

"माझी गोष्ट तिनं पाठात घेतली."

"दूध काय तुमच्या एकट्याचं हाय? आन् तिनं नाव तर घेतलं न्हवं तुमचं?"

"घेतलं."

"मग?"

नाव घेतलं हाच तर त्रास होता. न घेतलं असतं तर मला भांडता आलं असतं. हे बायकोला समजावता येईना, म्हणून मी आणखी भात मागितला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचतोय तोच मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर चहा होता, मलाही दिला. म्हणाल्या, "काल तुमच्या सरांचा फोन होता. लाईट गेल्यामुळं तिचा पाठ झालाच नाही म्हणाले. तुमचा त्यांनी पूर्ण बघितलाय. मला आज संस्थेला नाव कळवायचंय. आता थांबता येत नाही." चहाचा घोट घेऊन त्यांनी सहज विचारलं, "लाईट गेल्यावर पुढं काही झालं का?"

आता खरं काय घडलं ते सांगतो. त्या क्षणी माझ्या मनात काही थोर आलं नाही. 'विशेष काही नाही' हे तीन शब्द जिभेवर तयार होते. खोटेही म्हणता आले नसते, कारण विशेष काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. जून, तास, वर्ग, नावापुढं 'सर', सगळं त्या तीन शब्दांच्या पलीकडं होतं. पण गावात एकजण होता, बांधावरून आमचं वैर, बोलणंसुद्धा बंद. त्याच्या दुधाला जेवढी फॅट लागली तेवढीच मी अठरा वर्षं लिहिली. मनाविरुद्ध लिहिली, पण तेवढीच लिहिली. मोजलेला आकडा माझ्याच्यानं गिळवत नाही. हा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा.

"पाठ झाला," मी म्हणालो. "सर गेल्यावर झाला. आधी सगळ्या वर्गाचं उत्तर चुकलं. शेवटच्या गणितात बेचाळीसपैकी छत्तीस बरोबर. मी स्वतः मोजलेत."

"लाईट नसताना?"

"नसताना."

"आणि तुमच्या पाठाला किती होते?"

हे त्या विचारतील असं वाटलं नव्हतं. "एकोणतीस. चाळीसपैकी."

"म्हणजे तिला घ्यावं असं तुमचं मत?"

"मत नाही. विचारलंत म्हणून आकडा सांगितला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कप बाजूला सारला. "जाता जाता तिला पाठवून द्या."

इतकंच. पाच मिनिटांत माझा जून गेला. मी 'अ'च्या दाराशी जाऊन म्हणालो, "मॅडम, बाईंनी बोलावलंय." ती घाबरून म्हणाली, "कालच्या पाठाचं काय म्हणाल्या का, काका?" मी म्हणालो, "जाऊन बघा."

माझा तास 'ब'वर होता. क्रिकेटच्या धावांचं टाचण मी टेबलावर उलटं ठेवलं आणि फळ्यावर गाय आणि म्हैस असे दोन शब्द लिहिले. मागून लगेच आवाज आला, "सर, हे आम्हाला म्हाईत हाय. एक म्हैस दोन गाई. 'अ'च्या पोरांनी सांगितलं."

"ते मॅडमचं हाय, सर," दुसरा म्हणाला.

अठरा वर्षं मी ज्या गणितावर काढली ते माझ्याच वर्गात उष्टं ठरलं होतं. मुलांवर चिडून उपयोग नव्हता. मी लिहिलं: गाईचं सात लिटर, फॅट चार. म्हशीचं तीन लिटर, फॅट आठ. "आता करा बोटांवर."

त्यांनी बोटं वर केली. एकाला दिलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याचं काय करायचं कळेना. बोटाचा तुकडा पडत नाही. थोड्या वेळानं सगळा वर्ग बोटं तशीच धरून माझ्याकडं बघायला लागला. तेव्हा मी लिटर गुणिले फॅट मांडलं. अठ्ठावीस आणि चोवीस.

तेवढ्यात ती दारात आली. डोळे भरलेले, चेहरा उजळलेला. "काका..." म्हणाली.

"तास चालू आहे, मॅडम," मी म्हणालो आणि फळ्याकडं वळलो.

ती गेली नाही. तिथंच चौकटीला टेकून फळ्यावरचं वाचत राहिली. "पाच पॉइंट दोन," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. बरोबर होतं. मी मागं बघितलं तर दारात ती स्वतःची बोटं मिटून-उघडून बघत होती आणि तिला ते जुळत नव्हतं. मला बरं वाटलं. नको तितकं बरं वाटलं. तास संपायला अजून वेळ होता, म्हणून मी मुलांना पुढचं गणित घातलं.